तांबड्या पेशींचे नियोजित मरण आणि पांडुरोगाची चिकित्सा

पांडुरोगाचा रुग्ण समोर आला, हिमोग्लोबिन ७-८ आढळले, की लोहकल्पाकडे हात जाणे हे आपल्या सर्वांच्याच अंगवळणी पडले आहे. नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह यांचा गुण पुष्कळ रुग्णांत येतोही. मात्र काही रुग्णांत दोन-तीन महिने औषध चालू ठेवूनही रक्त वाढत नाही. अशा वेळी रक्त तयारच होत नाही, की तयार झालेले टिकत नाही, हा प्रश्न चिकित्सकाने विचारावयास हवा. यातील दुसऱ्या शक्यतेवर आधुनिक शास्त्रात अलीकडे बरेच काम झाले असून त्याचा आपल्या दैनंदिन व्यवसायाशी थेट संबंध आहे.

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. निरोगी शरीरात दर सेकंदास सुमारे २० लाख पेशी जातात व तितक्याच नव्या येतात. शरीरातील अन्य पेशी स्वतःच्या मरणाची सिद्धता स्वतःच करतात हे पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाही, त्यामुळे तिला असे मरण शक्य नाही असा समज होता. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील फ्लोरियन लांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशीच्या नियोजित मरणास २००५ साली ‘एरिप्टोसिस’ हे नाव दिले.

त्याची प्रक्रिया अशी. पेशीवर ताण आला म्हणजे कॅल्शियम आत शिरते. त्यामुळे पोटॅशियमचे मार्ग उघडतात, पोटॅशियमपाठोपाठ पाणी बाहेर पडते आणि पेशी आक्रसते. पेशीच्या आवरणात एरवी आतल्या बाजूस असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध घटक बाहेरच्या बाजूस येतो. हीच खूण ओळखून भक्षकपेशी तिला गिळून टाकतात. पेशी रक्तवाहिनीतच फुटली असती तर मोकळ्या हिमोग्लोबिनचा मारा वृक्कांवर झाला असता. तो यामुळे टळतो. म्हणजे ही मूलतः शरीराची हितकर योजना होय. मरणाचा वेग निर्मितीहून अधिक झाला, की पांडुता येते.

जीर्ण पेशींचा हा निचरा प्रामुख्याने प्लीहा व यकृत येथे होतो, आणि रक्तवह स्रोतसाचे मूल म्हणून चरकाचार्यांनी हीच दोन स्थाने सांगितली आहेत. हे साम्य लक्षणीय खरेच. तथापि एरिप्टोसिस संहितेत आधीच वर्णिले आहे, असा दावा आम्ही करणार नाही. अशा ओढाताणीने संहितेचा मान वाढत नाही आणि रुग्णाचाही लाभ होत नाही.

मधुमेह, वृक्कविकार, जंतुदोष, मलेरिया, सिकलसेल, थॅलेसेमिया या सर्वांत हे मरण वाढलेले आढळते. लोहाच्या अभावातही पेशी अल्पायुषी होतात. तेथे लोहकल्प हेच योग्य औषध. आमच्या मते खरी कसोटी लागते ती सिकलसेलमध्ये. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत व्यवसाय करणाऱ्यांस हा व्याधी नवा नाही. या रुग्णाची तांबडी पेशी १० ते २० दिवसच जगते. बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीनमुळे पेशी वाहिनीच्या भिंतीस चिकटतात, रक्त गोठण्यास चालना मिळते, आणि अस्थिसंधींत तीव्र शूल उठतो. डोळे पिवळे, रक्त कमी, सांधे दुखतात. घाईत पाहिले तर कामला किंवा आमवात वाटावा असेच चित्र! कामला समजून विरेचन दिले तर शरीरातील जलांश घटतो आणि त्यानेच सिकलसेलचा वेग उसळतो. आमवात समजून लंघन व रूक्ष स्वेद दिला तरी तेच. अशा रुग्णास फेरिटिन न पाहता लोह देणेही अयोग्य, कारण वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोहाचा संचय आधीच झालेला असतो. थॅलेसेमियातही हाच धोका आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांतील पांडुरोग्याविषयी त्याची शंका विशेष घ्यावी.

एरिप्टोसिस मोजण्याची तपासणी सामान्य प्रयोगशाळेत होत नाही. पण रेटिक्युलोसाइट वाढलेले, अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढलेले आणि तरीही मूत्रात बिलिरुबिन नाही, एवढे दिसले तरी रक्त अकाली नष्ट होत आहे असे समजावे. पुढे सोल्युबिलिटी चाचणी व इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची उणीव असलेल्या बालकांत मेंदीचा लेपसुद्धा रक्तनाशास कारण होतो. तान्ह्या मुलास ‘शीतल’ म्हणून मेंदी सुचवणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे.

औषधनिर्मात्यांसाठीही एक मुद्दा आहे. शिसे हिमोग्लोबिनच्या निर्मितीत अडथळा आणते आणि तयार पेशींचे मरणही वाढवते, असा त्याचा दुहेरी घात आहे. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावर आपल्याकडे संताप पुष्कळ झाला. आमचे म्हणणे एवढेच, की पांडुरोगाच्याच औषधात शिसे सापडावे यासारखी दुसरी विपरीत गोष्ट नाही. केवळ वनस्पतिज कल्पासाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० आहे. प्रत्येक घाण्याची तपासणी करून तिचा दाखला मागेल त्या वैद्यास दाखवता यावा.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष मात्र तारतम्याने घ्यावेत. हळदीतील कर्क्युमिनमुळे काचपात्रातील पेशींत एरिप्टोसिस वाढल्याचे लांग यांच्याच गटाने २००७ साली दाखवले. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच अल्प शोषले जाते, तेव्हा स्वयंपाकातील हळदीची धास्ती घेण्याचे कारण नाही. शोषण वाढवलेल्या, अर्करूप गोळ्यांबाबत मात्र पांडुरोग्यास सावधपणे सल्ला द्यावा.

आणखी एक. एचबीए१सी ही मधुमेहाची चाचणी पेशीच्या आयुष्यावर अवलंबून असते. पेशी अल्पायुषी असेल तर आकडा खोटाच कमी येतो. सिकलसेल वा अन्य रक्तनाशी पांडु असलेल्या मधुमेह्यात ‘आपल्या काढ्याने साखर आटोक्यात आली’ असे म्हणण्यापूर्वी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर प्रत्यक्ष मोजून पाहावी.