डॉक्टर, जरा बसून सांगा

गेल्या वर्षी आमच्या मामूंना मध्यरात्री झटका आला. उंब्रजहून हायवेने त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर आयसीयूच्या दारात आले. आम्ही खाली औषधांच्या रांगेत होतो. वर मुमानी आणि त्यांचा नववीतला नातू. डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले, "पेशंट एक्सपायर झालेत, बिलाचं बघून घ्या," आणि आत गेले. मुमानींना घरच्या दखनीपलीकडे फारसे समजत नाही. त्यांना ही बातमी त्या पोराने सांगितली. "दादी, दादा गए." हा मुलगा आमच्याच वर्गात आहे. पुढे महिनाभर तो उत्तर द्यायला उभा राहिला की अडखळायचा.

डॉक्टर दुष्ट नव्हते, रात्रभर जागेच असावेत. पण अशी बातमी कशी सांगावी हे त्यांना कुणी शिकवले होते का? आम्हालाही बी.एड.ला पाठ घ्यायला शिकवले. मूल नापास झाल्याचे आईबापांना कसे सांगावे, ते नाही.

आता एमबीबीएसला हे शिकवतात. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे 'एटकॉम' नावाचे पाठ आहेत. त्याआधीचे बहुतेक डॉक्टर वरिष्ठांचे बघूनच शिकले.

जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे, 'स्पाइक्स'. अमेरिकेतले डॉ. वॉल्टर बेल, टोरांटोचे डॉ. रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी ती २००० साली कॅन्सरच्या रुग्णांसाठी मांडली. आधी निवांत जागा बघून बसायचे. समोरच्याला आतापर्यंत काय समजले आहे ते विचारायचे. किती ऐकायची तयारी आहे तेही विचारायचे. मग सोप्या शब्दांत, थोडे थोडे सांगायचे. रडू आले तर थांबायचे. शेवटी पुढे काय करायचे ते सांगायचे. यातली दुसरी पायरी वाचून आम्हाला हसू आले. पाठ टाचणात आम्ही 'पूर्वज्ञान' लिहितो, तेच हे! हे नुसते वाचून येत नाही. एकाने डॉक्टर, दुसऱ्याने नातेवाईक होऊन सराव करावा लागतो.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याचा डोळा निकामी झाला. मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, आणि हात उचलणाऱ्याची बाजू आम्ही कधीच घेणार नाही. पण नीट न सांगितल्यानेही माणसे बिथरतात. आमच्या हायवेवर अपघात नवे नाहीत. मृत्यूची खबर आली की आपल्याकडे लगेच कबर खोदायची, गुस्लची तयारी सुरू होते. पोस्टमॉर्टेम आणि पंचनामा करावाच लागेल, त्याला अमुक वेळ लागेल, हे डॉक्टरांनी त्याच बसण्यात सांगितले तर दारात भांडण होत नाही.

आपणही एक करावे. रुग्ण दाखल होतानाच घरातल्या एका मोठ्या माणसाचे नाव आणि नंबर सिस्टरकडे द्यावा, आणि "काही असेल ते यांनाच, बसवून सांगा," असे म्हणून ठेवावे. दुभाषा म्हणून पोराला पुढे करू नये. आम्ही ते केले नाही.

मुमानी अजून एकच विचारतात, "आखिर वक्त किसी ने पानी पिलाया क्या?" उत्तर त्या डॉक्टरांनाच ठाऊक असेल.