शिंपल्यांची पैदास व माशांचा आधार

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद गाव गिरजा नदीच्या परिसरात वसले आहे. गिरजेचे पाणी पूर्णेत व पूर्णेचे गोदावरीत जाते. गोदावरी खोऱ्यातील नद्यांत व तलावांत लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या वंशांतील शिंपले आढळतात. शिंपला पाण्यातील सूक्ष्म शेवाळ व सेंद्रिय कण गाळून खातो. त्यामुळे पाणी निवळण्यास साहाय्य होते. गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीसाठीही असेच शिंपले लागतात व ते बहुधा नैसर्गिक पाणवठ्यांतूनच गोळा केले जातात. म्हणून त्यांची पैदास कशी होते, हे शेतकरी बंधूंनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कल्ल्यांतील वाढ

नराने पाण्यात सोडलेले शुक्राणू मादी श्वसनाच्या पाण्याबरोबर आत घेते. फलित अंडी तिच्या कल्ल्यांतील पोकळ्यांत राहतात. तेथे अंड्याचे प्रथम एक लहान व एक मोठी अशा दोन पेशींत विभाजन होते. पुढे पेशींची संख्या वाढून त्यांचा गोळा बनतो आणि अखेरीस दोन इवल्या झडपा व त्या मिटणारा एकच स्नायू असलेले पिलू तयार होते. त्यास ‘ग्लोकिडियम’ म्हणतात. ते अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ही शिंपल्याचीच पिले होत, हे लेवेनहुक यांनी १६९५ मध्ये ओळखले होते. तरीही १७९७ मध्ये राथके यांनी त्यांना शिंपल्यावरील परोपजीवी समजून नाव दिले.

माशावरील वाढ

मादी अशी हजारो पिले पाण्यात सोडते. योग्य जातीचा मासा भेटताच पिलू त्याच्या कल्ल्यास किंवा पराला झडपांनी घट्ट धरते. माशाची त्वचा त्यावर वाढून कोष बनतो. कोषात पिलाचा जुना स्नायू नाहीसा होऊन दोन नवे स्नायू, पाय व कल्ले यांची घडण सुरू होते. पाण्याच्या उष्णतेनुसार काही दिवसांत वा आठवड्यांत कोष फुटतो व बालशिंपला तळाच्या वाळूत उतरतो. मासा न मिळालेली पिले थोड्याच दिवसांत मरतात. कॉर्बिक्युला वंशातील गोड्या पाण्यातील अनेक लहान शिंपल्यांना मात्र माशाची गरज नसते. त्यांची पिले जनक शिंपल्याच्या कल्ल्यांतून थेट तळावर येतात.

काय करावे?

नदीत मोठे शिंपले दिसतात, तेवढ्यावरून पैदास चालू आहे असे समजू नये. मासे नाहीसे झाले, तर जुने शिंपले काही वर्षे जगतील. परंतु नवी पिढी येणार नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ग्रामस्थांस समजावून द्याव्यात:

१. विष किंवा सुरुंग वापरून मासेमारी करू नये.
२. फवारणीचे पंप व औषधांचे डबे नदीत धुऊ नयेत.
३. पात्रातील वाळू तळापर्यंत उपसू नये. बालशिंपले तिच्यातच वाढतात.
४. मोत्यांच्या शेतीसाठी शिंपले गोळा करताना एकाच डोहातील सर्व शिंपले काढू नयेत. लहान शिंपले परत पाण्यात सोडावेत.

डोहातील मासा जपला, तरच त्याच डोहातील शिंपला टिकेल.