प्रोस्टेटच्या नावावर खपणारं दुखणं

लघवीची तपासणी नॉर्मल, कल्चरमध्ये जंतू नाहीत, सोनोग्राफीत काही दिसत नाही. आणि तरीही खुर्चीत बसलं की दुखतं. ओटीपोटात, जांघेत, वृषणांत, नाहीतर वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत. ती जागा तर डॉक्टरांसमोर बोट ठेवून दाखवायचीही अनेकांना लाज वाटते. कुणाला सारखं लघवीला जावं लागतं, कुणाला वीर्यस्खलनानंतर तासन्‌तास ठणका लागतो. गेल्या सहा महिन्यांपैकी निदान तीन महिने असं दुखत असेल आणि जंतुसंसर्ग, खडा किंवा गाठ यांपैकी काहीच सापडत नसेल, तर त्याला क्रॉनिक पेल्विक पेन सिंड्रोम म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये २ ते १० टक्के पुरुषांत अशी लक्षणं आढळली आहेत. हा म्हातारपणाचा आजारही नव्हे. तिशी-चाळिशीतले, नोकरीधंद्यात गुंतलेले पुरुष यात मोठ्या संख्येने असतात.

‘प्रोस्टेटला इन्फेक्शन झालंय’ हे वाक्य यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. गैरसमजांचं मूळ तिथेच आहे. प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची जेमतेम २० ग्रॅमची ग्रंथी. तिच्या आसपास काहीही दुखलं की ‘प्रोस्टेटायटिस’ लिहून मोकळं व्हायची जुनी सवय होती. १९९५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने या आजाराचे चार प्रकार पाडले: अचानक होणारा जंतुजन्य, दीर्घकाळचा जंतुजन्य, जंतूंविना दुखणारा आणि काहीच लक्षणं नसलेला. त्रास घेऊन येणाऱ्या पुरुषांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण तिसऱ्या प्रकारात मोडतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुखणं असलेल्या ४६३ आणि ठणठणीत असलेल्या १२१ पुरुषांची तुलना झाली. रोग निर्माण करू शकणारे जंतू प्रोस्टेटशी निगडित नमुन्यांत दोन्हीकडे जवळपास सारखेच सापडले, सुमारे ८ टक्क्यांमध्ये. म्हणजे रिपोर्टमध्ये जंतू दिसला तरी दुखण्याचं कारण तोच असेल असं नाही.

तरी चिठ्ठीवर अँटिबायोटिक येतंच. एक कोर्स, मग ‘थोडा वाढवून बघू’, मग दुसरं औषध. २००४ च्या अमेरिकी चाचणीत १९६ पुरुषांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, लघवीची वाट सैल करणारं टॅम्सुलोसिन, दोन्ही, किंवा नुसतीच साखरेची गोळी दिली गेली. यातले बरेच जण आधी अनेक उपचार करून थकलेले होते. खऱ्या औषधांनी साखरेच्या गोळीपेक्षा वेगळं काही साधलं नाही. नव्या रुग्णाला एक कोर्स देऊन पाहणं समजण्यासारखं आहे. जंतू नसताना तोच तो कोर्स पुन्हा देणं नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं निरुपद्रवीही नाहीत. टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, इजा होऊ शकते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला, आणि २०१६ मध्ये तो अधिक कडक केला.

अर्थात, खरा जंतुजन्य प्रकार असतोच. एकाच जंतूचा लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर अँटिबायोटिक हवंच, तेही अनेक आठवडे. आपल्याकडे मूत्रमार्गाचा आणि जननेंद्रियांचा क्षयही डॉक्टरांना डोक्यात ठेवावा लागतो. तपासण्या टाळा, असं इथे कुणी म्हणत नाही. त्यांचा निकाल आल्यावर तो मानायला हवा, इतकंच.

मग दुखतं तरी काय? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. या रुग्णांपैकी अनेकांचे हे स्नायू कायम आवळलेले असतात, त्यांत बोट दाबताच कळ उठेल असे बिंदू तयार होतात, आणि तिथून निघालेली कळ वृषणात किंवा शिश्नाच्या टोकाशी जाणवते. बराच काळ दुखत राहिलं की मज्जासंस्थाही हळवी होते आणि साध्या संवेदनेलाही वेदनेचा रंग चढतो. मूळ ठिणगी एखाद्या जुन्या संसर्गाची असू शकते, पडण्या-आपटण्याची असू शकते, किंवा ती कधीच सापडत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत असं दुखणं असलेल्या ४७ स्त्री-पुरुषांपैकी काहींना या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपी दिली, काहींना सर्वसाधारण मसाज. पहिल्या गटातल्या ५७ टक्के जणांना बरं वाटलं, दुसऱ्यातल्या २१ टक्के जणांना.

इथे एक गफलत हमखास होते. व्हिडिओ पाहून पुरुष केगेल व्यायाम, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचा व्यायाम, सुरू करतात. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. आधीच आवळलेला स्नायू आणखी आवळला तर दुखणं वाढूही शकतं. इथे शिकायचं असतं ते सैल सोडायला, आणि तेही या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून. या क्षेत्रातले बरेच जण प्रामुख्याने स्त्री-रुग्ण पाहतात, म्हणून पुरुष तिकडे फिरकत नाहीत. त्यांनी जायला हवं.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. तो जास्त क्रूर आहे, कारण माणूस त्यानंतर बोलायचंच थांबवतो. ताण, झोपमोड आणि ‘हे कधीच जाणार नाही’ ही धास्ती यांनी वेदना वाढते हे खरं. ती काल्पनिक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. इटलीत राहणारे इंग्रज कादंबरीकार टिम पार्क्स यांना अशाच दुखण्यासाठी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. ती त्यांनी केली नाही. श्वासावर आधारित शिथिलीकरण आणि पुढे विपश्यना, म्हणजे मराठी वाचकाला इगतपुरीमुळे परिचित असलेली साधना, यांतून त्यांना उतार पडला. २०१० च्या ‘टीच अस टू सिट स्टिल’ या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर लिहिलं आहे. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे; पण एवढ्या खासगी दुखण्यावर नावानिशी लिहिणारे पुरुष मोजकेच, म्हणून त्याचं मोल.

आपल्याकडे या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’वाल्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षं रंगवलेल्या आहेत. त्या वाचत मोठा झालेला पुरुष दुखायला लागलं की तरुणपणीचं हस्तमैथुन आठवतो आणि ‘धातू गेला’ म्हणून स्वतःलाच दोषी ठरवतो. वीर्य जाण्याच्या या भीतीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. हस्तमैथुनाने हे दुखणं होतं, याला आधार नाही. जंतूंविना होणारं हे दुखणं पत्नीला लागत नाही. ते कर्करोगाचं लक्षण मानायचंही कारण नाही; प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा वाढलेला आला तरी लगेच घाबरू नये, कारण नुसत्या दाहानेही तो वाढतो. मात्र पुढची तपासणी चुकवू नये.

एका गोळीत हे बरं होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. २००९ पासून ‘यूपॉइंट’ नावाची पद्धत वापरात आहे: लघवीचा त्रास, मनावरचा ताण, प्रोस्टेट, संसर्ग, मज्जातंतू आणि स्नायू अशा सहा बाजूंनी रुग्णाकडे पाहायचं आणि जी बाजू दुखरी असेल तिच्यावर उपचार करायचा. या पद्धतीने १०० पुरुषांवर उपचार झाले तेव्हा ८४ टक्के जणांचा लक्षणांचा गुणांक लक्षणीय उतरला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून आकडा जरा हात राखूनच वाचावा. व्यायामाच्या बाबतीत इटलीतल्या २००७ च्या चाचणीत तुलना होती: बैठं काम करणाऱ्या १०३ पुरुषांत नियमित भरभर चालण्यासारख्या व्यायामाने नुसत्या ताणण्याच्या व्यायामापेक्षा जास्त आराम मिळाला. बाकी गोष्टी साध्या आहेत. कोमट पाण्यात बसणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठणं, सायकलचं टोचणारं सीट बदलणं.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, लघवीतून रक्त गेलं, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा एका वृषणात अचानक जोराची कळ आली, तर मात्र वाट पाहू नये. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत उपचार व्हावे लागतात. एरवी आधी युरॉलॉजिस्टला गाठावं. जाताना कुठे दुखतं, किती महिने, बसल्यावर, लघवीच्या वेळी की संबंधांनंतर, आणि आजवर कोणती अँटिबायोटिक किती दिवस घेतली, हे कागदावर लिहून न्यावं. तोंडाने सांगायचा संकोच वाटत असेल तर तो कागदच डॉक्टरांपुढे ठेवावा.