भुलेतल्या घोड्याची फुप्फुसं

पाचशे किलोंचा घोडा भूल देऊन उताणा ठेवला, की आतड्यांचं सगळं ओझं श्वासपटलावर रेलतं आणि फुप्फुसांचा पाठीकडचा भाग दबून मिटतो. तिथून रक्त वाहत राहतं, पण त्याला प्राणवायू मिळत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, घोड्यांच्या भुलेवरच्या मोठ्या पाहणीत पोटशूळाखेरीजच्या शस्त्रक्रियांतही शंभरात सुमारे एक घोडा दगावल्याचं दिसलं. माणसांच्या तुलनेत हे प्रमाण फार मोठं आहे.

मिटलेला भाग पाहायचा, तर प्रौढ घोड्याच्या छातीचा एक्स-रे काढायला ताकदवान यंत्र लागतं. सोनोग्राफीचं यंत्र मात्र तबेल्यात नेता येतं. केस स्पिरिटने ओले करून प्रोब दोन बरगड्यांच्या फटीत टेकवला, की एक पांढरी रेघ श्वासाबरोबर सरकताना दिसते. ते फुप्फुसाचं आवरण. खाली समान अंतरावर तिचेच आडवे पडसाद. पृष्ठभागाजवळ हवा घटली किंवा पाणी साचलं, की त्या रेघेतून उभे झगझगीत पट्टे खाली उतरतात; पार मिटलेला भाग यकृतासारखा करडा दिसतो.

हवा ध्वनिलहरी परतवते, म्हणून हवेच्या थराआड खोलवर मिटलेला भाग दिसत नाही. शिवाय एखाद-दुसरा पट्टा निरोगी घोड्यातही आढळतो. म्हणूनच भुलेआधीची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. तुलनेला काही नसेल तर नंतरचं चित्र कशाशी ताडणार?

भूल उतरतानाही फुप्फुसांना धोका असतो. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो. भुलेसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी काढल्यावर सुजलेलं नाक बंद झालं, तर हवा ओढण्याच्या धडपडीत फुप्फुसांत पाणी भरू शकतं. धडपडत उठणाऱ्या घोड्याजवळ जाणं धोक्याचं, त्यामुळे तो चार पायांवर स्थिरावला की लगेच प्रोब लावावा.