मुरमाड जमिनीतील करंज

यवतमाळ जिल्ह्यातील हलक्या, मुरमाड जमिनीत सावलीसाठी आम्ही वैद्यबंधूंना करंज सुचवितो. चरकांनी कंडूघ्न गणात 'नक्तमाल' या नावाने सांगितलेला हा शिंबीकुलातील वृक्ष झपाट्याने वाढतो व मुळांवरील गाठींतून जमिनीस नत्र देतो. पाने कडवट असल्याने गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. मोकाट चराईच्या गावी हा गुण मोठाच! उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगा वेचून ताजे बी पावसाच्या आरंभी पेरावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे.

मात्र बी ओळखून घ्यावे. करंज म्हणून आम्हांस एकदा लताकरंजाचे सागरगोटे मिळाले. उगवली ती काटेरी वेल. करंजाचे बी चपटे, तांबूस, शेंगेत बहुधा एकच असते. सागरगोटा करडा, गोलसर व दगडासारखा कठीण असतो.