चाचणी तीस मुलांची, निष्कर्ष साऱ्या जमातीचा

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या परिसरात, एकाच वर्गात तीन-चार घरभाषांची मुले बसलेली असू शकतात. कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या कोलामी, बंजारा मुलांची गोरमाटी, शिवाय सीमा जवळ असल्याने तेलुगू. वर्गात मात्र मराठी. समजा, येथील एका शिक्षकांनी एम.एड.च्या प्रबंधिकेसाठी विषय निवडला : 'आदिवासी व बिगर-आदिवासी विद्यार्थ्यांच्या बुद्ध्यांकाचा तुलनात्मक अभ्यास'. दोन्हीकडची तीस-तीस मुले, एक प्रमाणित चाचणी, दोन सरासऱ्या. मुलांची नावे गुप्त ठेवली, मुख्याध्यापकांची परवानगीही घेतली. मग यात गैर काय?

मुलाचे नाव झाकता येते. जमातीचे झाकता येत नाही, कारण ते शीर्षकातच आहे. सरासरी कमी आली, तर ज्याने चाचणी दिलीच नाही अशा मुलाच्या माथीही ती येते. त्याच्या आईवडिलांना तर कोणी विचारलेलेही नसते. अशा अभ्यासाला मानसशास्त्रात 'सामाजिकदृष्ट्या संवेदनशील संशोधन' म्हणतात. जोन सीबर आणि बार्बरा स्टॅन्ले यांनी १९८८ मध्ये या विषयावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. धोका केवळ चाचणी घेताना नसतो, असे त्यांनी दाखवले. तो प्रश्न मांडतानाच सुरू होतो, आणि निष्कर्षाचा अर्थ लावताना व वापर करताना पुन्हा उभा राहतो.

बुद्धिमापनाचा इतिहास याची साक्ष देतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये सिमॉन यांच्यासह पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करण्यासाठी. बुद्धी जन्मतः ठरलेली व न बदलणारी असते, हे मत त्यांना मान्य नव्हते. चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा हेतूच पालटला. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या चाचण्या झाल्या होत्या. त्यांच्या आधारे कार्ल ब्रिगॅम यांनी १९२३ मध्ये दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी असल्याचे लिहिले. याच विचारांच्या वातावरणात १९२४ चा स्थलांतर-नियंत्रण कायदा झाला. पुढे १९३० मध्ये ब्रिगॅम यांनी स्वतःच आपले निष्कर्ष निराधार ठरवले. परक्या भाषेत घेतलेल्या चाचणीवरून अशी तुलना होत नाही, हे त्यांनी मान्य केले. त्या कायद्यातील राष्ट्रवार कोटा मात्र १९६५ पर्यंत टिकला!

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने चाचणीचे मराठी व कानडी रूप सिद्ध केले. परकी चाचणी इथल्या मुलांच्या भाषेत आणण्याचे ते मोलाचे काम होते. पण मराठी ही कोलाम मुलाची घरची भाषा नव्हे. त्याला मराठी चाचणी दिली, की आपण त्याची बुद्धी मोजतो की त्याचे मराठी? आणि प्रश्न भाषेपुरताही नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकूड यांतून वेगळी वस्तू काढायला सांगितले. अपेक्षित उत्तर 'लाकूड', कारण बाकीची हत्यारे. शेतकरी म्हणत, लाकूडच काढले तर करवत काय कामाची? हे उत्तर चूक म्हणावे का? आपल्या उत्तरपत्रिकेत ते चूकच धरले जाते.

तर मग असे संशोधन करूच नये काय? सीबर-स्टॅन्ले यांना हे मान्य नाही. नाजूक विषय टाळणे म्हणजे जबाबदारी टाळणेच, असे त्या म्हणतात. मला ते पटते. इस्लापूरच्या शिक्षकांनी विषय सोडू नये, प्रश्न बदलावा. 'कोणाची बुद्धी कमी?' याऐवजी 'सूचना कोलामीत दिल्यास त्याच मुलांचे गुण किती बदलतात?' असे विचारावे. येथे तुलना मुलाची मुलाशी नसून सूचनेची सूचनेशी आहे. फरक निघाला, तर सुधारायचे ते शाळेने.

परवानगीचेही पाहिले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्य-संशोधनासाठी आहेत, पण शिक्षकाने ती वाचण्याजोगी आहेत. त्यांनुसार पालकांच्या संमतीशिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी मान्यता लागते. एकट्या मुख्याध्यापकांच्या सहीने हे भागत नाही. आश्रमशाळेत तर मुले घरापासून दूर. पालकांना गाठायला पोडावर जावे लागते आणि अभ्यास कशासाठी आहे ते त्यांच्या भाषेत सांगावे लागते.

त्यासाठी कोलामी जाणणारा सहायक हवा. तो बहुधा त्याच पोडावरचा, मुलांच्या नात्यातला असणार. तेव्हा कोणाला किती गुण मिळाले हे त्याच्यापासून कसे झाकायचे, तेही पहिल्या मुलाला बोलावण्याआधी ठरवावे लागेल.