घरगुती वायुगुणमापक

घरातील हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे व काही वायूंचे प्रमाण सतत मोजून ते अंकांच्या वा रंगांच्या रूपात दाखविणारे लहान विद्युत् उपकरण. तळहातावर मावणारे हे उपकरण घरातील नेहमीच्या विद्युत् पुरवठ्यावर किंवा पुनर्भारणक्षम विद्युत् घटावर चालते. हवा शुद्ध करण्याचे काम ते करीत नाही. पडद्यावर दिसणारा अंकही बहुतेक वेळा प्रत्यक्ष वजनाचा नसून प्रकाशाच्या एका मापावरून काढलेला अंदाज असतो. या दोन गोष्टी ध्यानात न घेतल्यास उपकरणाचा उपयोग होण्याऐवजी त्यापासून दिशाभूल होण्याचा संभव अधिक असतो.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात हे गुणदोष विशेष स्पष्टपणे दिसून येतात. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या भागांत मोटार उद्योग व त्याला सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने वाढले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे उद्योगांचा विस्तार पुणे-नाशिक मार्गावरील चाकणपर्यंत झाला. वस्ती व कारखाने यांत येथे फारसे अंतर राहिलेले नाही. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी या मूळच्या शेतकरी गावांत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या असून त्यांपैकी अनेकींत स्वयंपाक व झोप एकाच खोलीत होते. अशा खोलीतील हवेत रस्त्यावरची धूळ, मालमोटारींचा धूर, ओतशाळांतील धातुकण आणि चुलीवरची फोडणी एकत्र आलेली असते.

पार्श्वभूमी : बंद खोलीतील हवा मोजण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न म्यूनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी केला. माणसांच्या श्वासामुळे वाढणारा कार्बन डाय-ऑक्साइड हा खोली कोंदट असल्याचा निदर्शक मानून त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याहून (दर दशलक्ष भागांत १,००० भागांहून) अधिक असू नये, असे त्यांनी १८५८ मध्ये सुचविले. आजच्या अनेक घरगुती उपकरणांत धोक्याचा रंग याच अंकाच्या आसपास उमटतो. कणांच्या मापनाचा विकास मात्र बाहेरच्या हवेच्या संदर्भात झाला. ठराविक आकारमानाची हवा गाळणपत्रातून ओढून पत्राचे आधीचे व नंतरचे वजन करणे, ही अद्यापही प्रमाणभूत मानलेली पद्धत होय. स्वयंचलित स्थानकांत पुष्कळदा कार्बन-१४ या किरणोत्सर्गी समस्थानिकापासून निघणारे बीटा कण धूळ साचलेल्या फितीतून जाताना किती क्षीण होतात, यावरून धुळीचे वस्तुमान काढतात. अशा यंत्रात हवा आत घेतानाच तापवून तिच्यातील ओलावा कमी केला जातो. ही सोय घरगुती उपकरणात नसते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही वायुगुण मापनाची व पूर्वानुमानाची प्रणाली पुणे परिसरात २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. तिची स्थानके भोसरी, निगडी, आळंदी यांसारख्या ठिकाणी असून थेरगाव व वाकड येथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थानके आहेत. स्थानक हे परिसरातील हवेचे सर्वसाधारण मान सांगते. चौथ्या मजल्यावरील झोपायच्या खोलीत पहाटे कोणती हवा आहे, हे त्यावरून कळत नाही. घरगुती उपकरणाची गरज येथे निर्माण होते.

कार्यतत्त्व : कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात एरवी न दिसणारे धूलिकण लखलखताना दिसतात, ते त्यांच्यावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो म्हणून. घरगुती मापकात कवडशाची जागा लेसर शलाकेने व डोळ्याची जागा प्रकाशसंवेदी डायोडाने घेतलेली असते. लहानसा पंखा हवा एका अंधाऱ्या पोकळीतून ओढतो, शलाका ओलांडणारा प्रत्येक कण प्रकाशाचा एक स्पंद देतो व स्पंदाच्या उंचीवरून कणाचा आकार अनुमानिला जातो. गोलाकार कणाकडून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाची (विखुरण्याची) गणिती उपपत्ती जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये मांडली होती. अशा मापनांचा सैद्धांतिक पाया तीच आहे.

कणांची संख्या व आकार यांवरून वस्तुमान काढण्यासाठी कण गोल आहेत, त्यांची घनता अमुक आहे व त्यांचा प्रकाशीय गुणधर्म तमुक आहे, असे धरून चालावे लागते. ही गृहीतके उपकरणातील सूक्ष्मप्रक्रियकात कायमची बसविलेली असतात. त्यानंतर पडद्यावर पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाचे कण) व पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) यांचे प्रमाण दर घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम, असे दिसते. तुलनेसाठी सांगावयाचे, तर माणसाच्या केसाची जाडी सु. ५० ते ७० मायक्रोमीटर असते.

मर्यादा : औद्योगिक पट्ट्यातील वापराच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कणाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १० मायक्रोमीटर व्यासाचा एक कण १ मायक्रोमीटर व्यासाच्या त्याच पदार्थाच्या हजार कणांइतका जड असतो. असे जाड कण हवेत संख्येने विरळ असतात आणि लहान पंख्याच्या मंद प्रवाहाबरोबर उपकरणाच्या वळणदार मार्गात शिरण्याऐवजी बाहेरच राहतात वा वाटेत बसतात. परिणामी पुष्कळ स्वस्त उपकरणांतील पीएम १० चा अंक मोजलेला नसतो, तो बारीक कणांच्या संख्येवरून अंदाजाने वाढवून दिलेला असतो. चाकण-तळेगाव रस्त्यावरून उडणारी धूळ खिडकीच्या चौकटीवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी साचलेली असतानाही मापक शांत हिरवा राहतो, तो यामुळे.

दुसऱ्या टोकाला डिझेल एंजिनातून नुकतीच बाहेर पडलेली काजळी आहे. तिचे बहुसंख्य कण ०.३ मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. ते प्रकाश फारच थोडा विखुरतात, उलट काळे असल्याने तो शोषून घेतात. सामान्य लेसर मापकाला त्यांपैकी बहुतेक दिसतच नाहीत. तिसरा प्रश्न घनतेचा. लाकूड वा तेल यांच्या धुराच्या कणांची घनता सु. १ ते १.५ ग्रॅ./घ. सेंमी. असते, तर ओतकाम, घासकाम व जोडकाम यांतून निघणाऱ्या आयर्न ऑक्साइडाची ५ हून अधिक. सारख्याच आकाराचे व संख्येचे लोहमय कण हवेत असले, तर त्यांचे खरे वजन पडद्यावरील अंकाच्या कितीतरी पट असू शकते. जाड धूळ, ताजी काजळी व धातुकण या तिन्ही गोष्टी या पट्ट्याच्या हवेची खास ओळख आहेत आणि नेमक्या याच तिन्हींच्या बाबतीत घरगुती मापक कमी अंक दाखविण्याचा संभव आहे. याउलट कागद, प्लॅस्टिक वा लाकूड जळल्याचा धूर त्याला चांगला समजतो. चिखली-कुदळवाडी भागातील भंगाराच्या गोदामांना वेळोवेळी आगी लागत असत (तेथील बांधकामे महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडली). अशा आगीचा धूर रात्री घरात शिरला, तर त्यातील कणांची सूचना मापक लगेच देतो. त्याबरोबर आलेल्या विषारी वायूंची मात्र देत नाही.

पावसाळ्यात चूक उलट दिशेने होते. हवेतील सल्फेट व नायट्रेट लवणांचे कण पाणी शोषून फुगतात. अमोनियम सल्फेटाचे कण सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की विरघळून थेंब बनतात. फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो व मापक त्यातील पाण्यालाही धूळ समजतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने हवा धुऊन निघालेली असताना घरातला अंक चढलेला दिसला, तर प्रथम आर्द्रता पाहावी. धुक्याच्या पहाटेसही हेच लागू आहे.

वायूंचे मापन : कार्बन डाय-ऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारण शोषून घेतो. या गुणधर्मावर आधारलेला संवेदक विश्वसनीय असतो. मात्र बरीच उपकरणे गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी मूल्य म्हणजे बाहेरची हवा, असे धरून स्वतःची दुरुस्ती करतात. जी खोली कधीच पुरती उघडली जात नाही तिच्यात ही दुरुस्तीच चूक ठरते व अंक हळूहळू वास्तवाहून कमी येऊ लागतो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण आता दर दशलक्ष भागांत ४२० भागांहून अधिक आहे. उपकरण उघड्या गच्चीवर नेऊन ते पडताळता येते.

बाष्पनशील कार्बनी संयुगांचा म्हणून दाखविला जाणारा अंक बहुधा तापविलेल्या धातू-ऑक्साइडाच्या विद्युत् रोधातील बदलावरून काढलेला असतो. रंग, विरलक, अत्तर, स्पिरिट, लसणाची फोडणी हे सर्व त्याला जवळजवळ सारखेच. काही स्वस्त उपकरणांत याच संवेदकावरून कार्बन डाय-ऑक्साइडाचेही ‘समतुल्य’ प्रमाण दाखवितात. ते मापन म्हणून स्वीकारण्यासारखे नाही.

निर्देशांकाचा घोटाळा : अनेक उपकरणे संहतीऐवजी (प्रमाणाऐवजी) वायुगुण निर्देशांक दाखवितात व तो कोणत्या देशाच्या कोष्टकानुसार आहे, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. पीएम २.५ चे प्रमाण दर घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम असेल, तर २०१५ मध्ये लागू झालेल्या भारतीय कोष्टकानुसार निर्देशांक ७५ म्हणजे ‘समाधानकारक’ येतो आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी कोष्टकानुसार सु. १२४ म्हणजे संवेदनशील व्यक्तींना अपायकारक. हवा एकच असते. याकरिता मूळ संहतीच वाचावी. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार बाहेरच्या हवेतील पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० व वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मूल्ये अनुक्रमे १५ व ५ अशी सुचविली असून ती घरातील हवेलाही लागू आहेत. या सर्व मर्यादा सरासरीच्या आहेत. मिरचीच्या फोडणीबरोबर क्षणभर शेकड्यांत गेलेल्या अंकाशी त्यांची तुलना करणे अप्रस्तुत होय.

मापनाची रीत : उपकरण श्वासाच्या पातळीवर (जमिनीपासून सु. १ ते १.५ मी. उंचीवर) ठेवावे. शेगडी, देव्हारा, पंख्याचा झोत, खिडकीची कड आणि थेट ऊन टाळावे. एकाच हवेतील बदल दाखविण्यात हे उपकरण चांगले आहे, निरनिराळ्या प्रकारच्या हवांची तुलना करण्यात नाही. म्हणून एकाच खोलीत काही रात्री खिडक्या बंद व काही रात्री उघड्या ठेवून घेतलेल्या सरासऱ्या शेजारच्या गावातील घराच्या अंकापेक्षा अधिक बोलक्या असतात. हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत उपकरण गच्चीवर सावलीत ठेवून त्याची २४ तासांची सरासरी जवळच्या स्थानकाच्या सरासरीशी ताडून पाहिल्यास ते साधारण किती चढे वा उतरते आहे, याची कल्पना येते.

खोलीचे वायुवीजनही यावरून कळते. फोडणीचा धूर थांबल्यावर अंकातील वाढ निम्मी होण्यास २० मिनिटे लागली, तर खोलीतील हवा तासाला सु. दोन वेळा बदलते, असे गणित निघते. काही कण भिंतींवर व वस्तूंवर बसत असल्याने प्रत्यक्ष बदल याहून थोडा कमीच असतो. हेच मापन छताजवळची झडप वा निष्कास पंखा चालू ठेवून पुन्हा करावे. भाडेकरूने घरमालकाकडे झडपेची मागणी करताना दोन अंकांतील हा फरक उपयोगी पडू शकतो.

खिडकी केव्हा उघडावी, हा येथील नित्याचा प्रश्न आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूर व धूळ जमिनीजवळ साचतात. ऊन तापेपर्यंत ही स्थिती टिकते. दुपारी हवा वरपर्यंत ढवळली जाते व बाहेरचे प्रमाण उतरते. तिसरी पाळी संपवून सकाळी घरी आलेला कामगार खिडकी उघडून झोपतो, ती नेमकी दिवसातील वाईट वेळ असते. मापकावरील दोन-तीन दिवसांची नोंद पाहून त्याला ही वेळ बदलता येते.

घरातील उगमही मापक तत्काळ उघड करतो. उदबत्ती व धूप यांचा परिणाम पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. डास पळविण्याची एक कांडी जाळल्याने निघणाऱ्या पीएम २.५ चे वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. धूम्रपान न करणाऱ्यांत आढळणाऱ्या दीर्घकालिक श्वसनमार्गरोधी विकाराकडे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील लेखाद्वारे लक्ष वेधले होते. त्यात जळाऊ लाकूड व शेण यांच्या धुरावर विशेष भर आहे.

निगा : धूळ व तेलकट वाफ प्रकाशकीय भागांवर बसून अंक बदलू लागतो. काही संवेदकांतील लेसर डायोडाचे आयुष्य अखंड वापरात सु. ८,००० तास म्हणजे वर्षभराहून कमी असते. उपकरण दर काही मिनिटांनी थोडा वेळच मापन करील असे लावल्यास ते पुष्कळ वाढते.

कार्बन मोनॉक्साइडाचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. बंद न्हाणीघरातील गॅसवरील पाणीतापक किंवा थंडीत खोलीत आणलेली कोळशाची शेगडी यांपासून निघणारा हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. नीट जळणाऱ्या गॅसच्या ज्योतीतून दृश्य धूर निघत नाही आणि बहुसंख्य घरगुती मापकांत या वायूचा संवेदक नसतो. त्यामुळे प्राणघातक हवेतही पडदा हिरवा राहू शकतो. यासाठी विद्युत् रासायनिक संवेदक असलेले वेगळे गजरयंत्र मिळते. पाणीतापक मुळात न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.